नियम नववा

मखमलाबाद, नाशिक

प्रिय रवी,

फोनवर सांगून भागलं असतं, पण तू सातवीत असताना आपल्या वहीत लिहून ठेवलं आहेस की दोघांच्या सह्या असल्याशिवाय एकही नियम बदलायचा नाही. म्हणून हे पत्र. सोबत नव्या नियमाचा कागद आहे. हसू नकोस, आपला ‘सातमाळा’चा खेळ अजून चालू आहे. रविवारी दुपारी बुद्धभूषण एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली ड्यूटी संपवून येतो, शेजारची छाया भांडी आवरून येते आणि ललित मुख्यतः चिवड्यासाठी येतो. छायाला खेळ समजावताना माझी दमछाक झाली होती. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं, तो डोंगरात काय करतो ते बोलायचं, अडलं की फासा टाकायचा. मग यात जिंकतं कोण, हे तिला अजून पडलेलं कोडं आहे.

वही पार फाटली, म्हणून नियम नव्याने लिहायला घेतले. अस्वलाला फक्त रवीच मारू शकतो, हा काढला. उपाशी माणसाचा फासा एकने कमी, हा ठेवला. गाडी अडली ती नवव्यावर. ज्याच्यावर राज्य त्याने गोष्ट चालवायची. गावकरी, चोर, वारा, अस्वल, सगळं त्यानेच व्हायचं आणि ‘थकलो’ म्हणायचं नाही. शेवटच्या शब्दांखाली तू दोन रेघा ओढल्या आहेस. तुला स्वतःला राज्य कधीच नको असायचं, लबाडा.

आईला आम्ही हवामान दिलं आहे. उजव्या हाताने गजरे करणारी ती, झटका आल्यापासून डाव्या हाताने फासा टाकते. सहा पडला की पाऊस, असं ठरलं आहे. पण ती सहा पडला तरी ऊनच सांगते, शेवंती भिजेल म्हणून. शेवंती आपण लावत नाही त्याला पाच वर्षं झाली, अण्णा गेले तेव्हापासून. तिला कोणी काही बोलत नाही.

गेल्या रविवारी बुद्धभूषणने सहज विचारलं, ताई, तुमचा माणूस कोणता? मी वही चाळली. माझी कुसाबाई होती, आठवते का, घाटात वाट दाखवणारी? राज्य घेतलं तेव्हा तिला एका झाडाखाली बसवलं होतं. कुठल्या झाडाखाली, ते लिहायचं राहून गेलं. आम्ही शोधत होतो आणि दोन दिवस तोंडातून अक्षर न काढलेली आई भिंतीला टेकल्या टेकल्या म्हणाली, “हर्षूलाबी खेळू द्या की रे.” मी चहा टाकायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

रवी, मी थकले आहे. तिला उठवणं, अंघोळ, दहाची गोळी, हाताचे व्यायाम, पुन्हा उठवणं. ती त्रास देत नाही, उलट माझ्याकडे बघून ओशाळते आणि तेच मला बघवत नाही. परवा मी तिच्यावर ओरडले. पाणी सांडलं होतं, एवढंच. मला कुठे नोकरी लागलेली नाही, लग्न ठरलेलं नाही. नुसती थकले आहे, तेवढं कारण पुरावं.

नववा नियम मी असा लिहिला आहे: राज्य दर सहा महिन्यांनी बदलेल. खेळातलं राज्य छाया घेते म्हणाली आहे. घरातलं तू घे. तुझं काम लॅपटॉपवर चालतं आणि लॅपटॉप नाशकातही उघडतो. काही लागलं तर सांग, असं तू दर फोनला म्हणतोस आणि मी दर वेळी नाही म्हणते. आता लागलं आहे. कागदावर माझी सही झाली, तुझी जागा रिकामी आहे. सही करून पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझीच, अजून राज्य असलेली,
हर्षूताई