दोघांनी उचलायचा टप

३ फेब्रुवारी १९८५

प्रिय क्लाइव्ह,

नाताळात समुद्रावर चड्डीत उभा असलेला तुझा फोटो पोचला. डॅडनी तो शेकोटीवरच्या फळीवर मांडलाय आणि येईल त्याला दाखवतात, "आमचा क्लाइव्ह. ऑस्ट्रेलियात उकडतंय बिचाऱ्याला." येईल तो म्हणजे पोस्टमन, दुसरं कोण येणार? फोटोमागे तू विचारलंयस, आपली हिरवी गाडी अजून पळते का. नऊ वर्षं मी तुला एकच उत्तर देत आलेय: पळते, सगळं ठीक आहे. आज जरा सविस्तर लिहिणार आहे, तेव्हा निवांत बसून वाच.

पळते, आणि रोज पळते, कारण घरात दुसरी गाडी नाही. डॅडचा हेका तुला ठाऊकच आहे. उघडी गाडी घ्यायची आणि ऑक्टोबर आला की चादरीखाली झाकून ठेवायची, असल्या माणसाला त्यांच्या लेखी मिशी ठेवायचाही हक्क नाही. "पाऊस नसला की टप खाली. थंडी म्हणजे काही पाऊस नव्हे." हे ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. फरक एवढाच, की तेव्हा चालवायचे ते. चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, डावा हात गेला, आणि तेव्हापासून चालवते मी. सकाळी आधी काचेचा बर्फ बाहेरून खरवडते, मग आतून. मांडीवर गरम पाण्याची पिशवी, डोक्यावर आईची केसाळ टोपी, डिकीत वाळूची दोन पोती, म्हणजे मागची चाकं जरा तरी रस्ता धरतात. कापडी टपातून पाणी नेमकं माझ्या डाव्या गुडघ्यावर गळतं. शाळेच्या स्वयंपाकघरात पोचते तेव्हा बायका विचारतात, "काय गं, पोहत आलीस का?" मी हसते. पण नोव्हेंबर ते मार्च माझे पाय कधीच कोरडे नसतात, क्लाइव्ह, आणि आता मला त्याचं हसू येत नाही.

हिवाळ्यात कापडाऐवजी बसवायचा पत्र्याचा टप अजून गॅरेजात दोरांवर टांगलेला आहे. ऑक्टोबरचा पहिला रविवार आठवतो का रे? जेवण झालं की तू आणि डॅड तो उतरवायचात. एक टोक त्यांचं, एक तुझं, आणि आई दारातून ओरडायची, "रंग खरवडू नका!" तू गेल्यावर पहिली पाच वर्षं मी म्हणत होते, मी धरते तुमच्यासमोर. "तुझ्याच्यानं नाही व्हायचं ते," म्हणाले. आता त्यांच्याच्यानं होत नाही. आयझॅक रुटलेज, तोच खिंडीच्या पायथ्याच्या हाय रिग शेतावरचा, दरवर्षी विचारतो, "मी धरू का एक बाजू?" आणि दरवर्षी डॅड त्याला सांगतात, "ते टोक क्लाइव्हचं आहे. तो येईल तेव्हा उचलेल." त्यामुळे हा आमचा कापडाखालचा नववा हिवाळा.

हॅरल्डबद्दल मी तुला फारसं कधी लिहिलं नाही. तो दोन वर्षं आमच्याकडे येत होता. चांगला होता. डॅडना फिरायला न्यायचं म्हटलं की विचारायचा, "जागा दोनच, आणि मी कुठे बसू? डिकीत, वाळूच्या पोत्यांवर?" मी गाडी विकायचं बोलले. डॅड म्हणाले, "मी गेल्यावर वीक." हॅरल्डने त्या गाडीत तिसरी जागा व्हायची बरीच वाट पाहिली, मग लीड्सला गेला आणि तिथे त्याचं लग्न झालं. मला राग त्याचा येत नाही.

आता गेल्या गुरुवारचं सांगते. दर गुरुवारी हाताच्या व्यायामासाठी डॅडना पेन्रिथच्या इस्पितळात न्यायचं असतं. दुपारी परत निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं आणि कडाक्याची थंडी. खिंडीच्या माथ्यावर समोरून एक लाल उघडी गाडी आली. टप खाली, आत एक म्हातारा, कानाला मफलर. आपल्या उघड्या गाडीवाल्यांत रिवाजच आहे ना, त्याने हात वर केला, मीही केला. डॅडना ते सहन झालं नाही. "त्यानं टप उघडलाय, आणि आपण बघ, कोंबड्यांच्या खुराड्यात बसल्यासारखे." मी म्हटलं, गोठलेलं कापड दुमडू नये, तुम्हीच शिकवलंत. "अगं दोन मैलांचा प्रश्न आहे. माझ्यासाठी." मी थांबले आणि टप उघडला. मागची प्लॅस्टिकची काच दुमडताना बिस्किटासारखी तडकली. डॅड म्हणाले, "चिकटपट्टी लावू," आणि तोंड वर करून डोळे मिटून बसले. खरं सांगते, त्या वेळी ते इतके सुखात दिसले की काचेचं मला काहीच वाटलं नाही.

मैलभर गेलो असू, तोच हिमवर्षाव सुरू झाला. टप वर ओढला तर गारठ्याने कापड आखडलेलं, आकडे समोरच्या काचेच्या चौकटीपासून चार बोटं मागेच. माझे दोन हात आणि त्यांचा एक. माझ्या बाजूचा आकडा कसाबसा बसला, त्यांच्या बाजूचा काही केल्या बसेना. "ओढ! अगं, ओढ ना!" वीसेक मिनिटं झटलो. तोवर चाकं बर्फात रुतली होती आणि वाळूच्या पोत्यांचाही उपयोग होत नव्हता. डॅड म्हणाले, "आयझॅककडे जा. अर्ध्या मैलावर आहे. त्याचा ट्रॅक्टर आण. फाटक नुसतं ढकल, त्याला कडी नाहीये." मग उजव्या हातातला हातमोजा दातांनी ओढून काढला, डाव्या हातातला मला काढायला लावला, आणि दोन्ही मला दिले. "तुला चालायचंय. मी नुसता बसणार."

मी गेले, आयझॅकला ट्रॅक्टरसकट घेऊन आले, त्याने आम्हाला बाहेर काढलं. गावात सगळे एवढंच जाणतात, आणि बेकरीत मला एक केक फुकट मिळाला. तो मी अजून कापलेला नाही, कारण मी पहिल्यांदा त्या फाटकाशी थांबलेच नव्हते. स्वयंपाकघरात दिवा होता. अंगणात ट्रॅक्टर उभा होता. मला सगळं दिसलं आणि मी पुढे चालत राहिले. डॅडचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, शपथ घेऊन सांगते. डोक्यात काहीच नव्हतं. नुसतं हलकं वाटत होतं, चार वर्षांत पहिल्यांदा. चौकात दुधाचा टँकर थांबला. "पेन्रिथला? चढा, बाई, गोठून मराल." पेन्रिथला स्टेशन आहे. मी पायरीवर पाय ठेवला आणि वर चढायला दांडी धरली, तर हात निसटला. डॅडचा हातमोजा मला फार मोठा होतो. तो दांडीवरून घसरला, तेव्हा तो माझ्या हातात आहे हे मला दिसलं. मी खाली उतरले आणि परत फिरले, जमेल तितकी पळत.

आम्ही पोचलो तेव्हा डॅडनी आपली काठी तंबूच्या खांबासारखी उभी धरून टप पेलला होता, बर्फाच्या ओझ्याने तो खाली येऊ नये म्हणून. बोटं निळी पडली होती. आयझॅक साखळी अडकवायला गेला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "इतका वेळ? फाटक बंद होतं का?" मी म्हटलं, हो, कडी लागली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि म्हणाले, "थंडीत बसते कधीकधी."

त्यानंतर ते एकदाही टप उघड म्हणाले नाहीत. काल कडक ऊन होतं, रस्ता कोरडा होता. मी आपणहून विचारलं. "नको," म्हणाले, "तुला गार लागेल." क्लाइव्ह, ते मला घाबरतात आता. आणि मला माझीच भीती वाटते. हे पत्र तू त्यांना फोनवर विचारशील म्हणून नाही लिहिलं. तू ये म्हणून लिहिलंय. ऑक्टोबरची वाट बघू नकोस, आत्ता ये, आणि महिनाभर तरी राहा. पुन्हा त्या फाटकावरून पुढे गेले तर मी परत फिरेन, असं मी तुला लिहून देऊ शकत नाही.

तुझं टोक अजून तुझंच आहे.

तुझीच,
हेझेल