ढावलो, आणि त्यानंतरचा मुराळी

२ फेब्रुवारी
सिद्धेश्वर धरणाकाठच्या बंजारा तांड्यावरील कलामहोत्सवाचे दिग्दर्शन मी एकाच अटीवर स्वीकारले: मंचावर जे येईल ते निर्दोष असेल. आज पहिली तालीम. ध्वनिवर्धक कर्कश, निवेदक त्याहून. शाळकरी मुलींनी चित्रपटगीतावर बसवलेला नाच तत्काळ वगळला. मात्र सोनाबाईचा आवाज! कापूस वेचून थेट आली आणि खर्जात इतकी स्थिर राहिली की... विद्यापीठातल्या माझ्या वर्गात असा आवाज कधी बसला नाही. समारोप तिच्या ढावल्याने. लेक सासरी निघताना तिला गळ्याशी धरून रडत म्हणायचे गाणे.

५ फेब्रुवारी
सोनाबाईचा नकार.
"ढावलो असा म्हणत न्हाईत, म्याडम. लेक जाऊन राहिली असंल तरच. उगंच म्हणलं की घरातलं एखादं..." हात हलवला.
हा केवळ अभिनय आहे, असे मी समजावले. तिची जाऊ कमळाबाई म्हणाली, "मंग तुमीच करा की अभिनय. आमी टाळ्या वाजवतो." सगळ्या हसल्या. मी हसले नाही.
सरपंच सुचवतात, शेवटी लावणी ठेवू. लावणी!

८ फेब्रुवारी
तालमीत केतकीचा फोन. तिकीट झाले.
"कोन व्हतं?" सोनाबाई.
माझी मुलगी. गेल्या महिन्यात पुण्यात नोंदणी विवाह. आता नवऱ्याकडे, कॅनडाला.
"म्हंजी लेक जाऊन राहिली! ढावलो कोनी म्हणला?"
आमच्याकडे सह्या होतात आणि मग चहा, असे सांगितले.
"आना तिला. म्हणते मी."
समारोप मिळाला. इतके सोपे होते.

१० फेब्रुवारी
सोपे नाही. लेक समोर हवी आणि तिला गळ्याशी आईनेच धरायचे. चारचौघांत. आईच्या जागी अन्य कोणी चालेल का, विचारले.
कमळाबाई: "लेक तुमची, अन् गळा आमचा?"
सोनाबाईने शब्दांविना नुसती चाल गुणगुणून दाखवली. मध्येच हुंदका, स्वर घसरला. मी थांबवले, "रडू नका, सूर जातो." भाकरी थापताना पाणी घेऊ नका असे कोणी म्हटल्यासारखे ती माझ्याकडे पाहू लागली.
केतकीला फोनवर सर्व सांगितले. "आई, तू मला मिठी मारणार? किती तालमी घेशील?" येते म्हणाली.

१५ फेब्रुवारी
महोत्सव. के. दुपारच्या एसटीने आली. तिला पहिल्या रांगेत बसलेले पाहिले आणि निवेदकाला ढावलो रद्द असल्याचे कळवले. कारण त्याने विचारले, दिले नाही. तिचे जाणे मला कार्यक्रमपत्रिकेत नको होते. समारोप त्या शाळकरी मुलींनी केला. तोच चित्रपटगीताचा नाच. ठेक्यात तीनदा चुकल्या. लोकांनी पुन्हा करायला लावला.
नंतर सरपंचांची जीप के.ला वसमतला सोडायला निघाली. ती पाया पडायला वाकली. मी नेहमीप्रमाणे "सांभाळून" म्हटले. तेवढ्यात मागून सोनाबाईने ढावलो उचलला. ना मंच, ना ध्वनिवर्धक. कमळाबाईने पाठीला हात लावून मला पुढे ढकलले.
धरले.
के. माझ्या खांद्यात तोंड खुपसून काहीतरी म्हणत होती. ऐकू आले नाही. सोनाबाईचा स्वर कुठे लागला, कुठे सुटला, हेही सांगता येणार नाही.

२० फेब्रुवारी
के. पोहोचली. तिथे बर्फ आहे.
संध्याकाळी सोनाबाईचा फोन. "पोचली का लेकरू? मंग मुराळी कोन जानार?"
समजले नाही.
"अवो, ढावलो म्हणलेली लेक पहिल्या सणाला माहेरी आनावी लागते. घरचंच मानूस जाते आनायला. तिथं कुनी काही म्हणलं, तर मला फोन लावून द्या."
फार दूर आहे, खर्चाचे आहे, तिला रजा मिळणार नाही, असे मी क्रमाने सांगितले.
"व्हय. पन कोन जानार?"
पारपत्र कपाटाच्या वरच्या खणात सापडले. मुदत संपलेली. छायाचित्रात मी फारच कठोर दिसते.