खांब चार बोटं बाजूला

चौल,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

शिवदास,

आशीर्वाद. पूनमला आणि आरोहीलाही. झालं, आता ऐक. भाऊबीजेला आला न्हाईस, ते सोड. पण अलिबागला तुझ्या वर्कशॉपच्या दारात मी दोनदा येऊन उभी राहिले आणि दोन्ही वेळी तू मागच्या अंगाने मोटारसायकल काढलीस. सख्खी बहीण हाय का वसुलीवाली? फोन उचलत न्हाईस. विनेशचाही न्हाय. भाच्याने तुझं काय वाकडं केलंय? म्हणून चौथी शिकलेली बाई कागद घेऊन बसलेय. अक्षराला हसू नको.

विनेशला मुलगा झाला ते कळलंच असेल. रुचिका माहेरी हाय. येत्या सोमवारी बाळाला घेऊन येते. येऊन राहणार कुठे? वरच्याच खोलीत. तू बांधलेल्या.

ती खोली बरी न्हाय. गणपतीत बघितलीस त्याहून वाईट. वरचं दार आता लागतच न्हाय. छपराचा नि पाण्याच्या टाकीचा भार घेणारा तो खांब खालच्या आडव्या गर्डरच्या ज्या कडेवर उभा हाय, ती कड खाली वाकलीय. रंग सोलून गंज दिसतो. नुसती कड न्हाय, अख्खा गर्डरच त्या अंगाला पिळत चाललाय. तू रागाने निघून गेलास तेव्हा तुझा ओळंबा इथेच राहिला. दर रविवारी मी तो गर्डरला लावून बघते. वर दोरी टेकते, खाली सुटते. गणपतीत करंगळीचं नख जाईल एवढी फट होती. परवा अख्खी करंगळी गेली.

एका इंजिनियरला आणून दाखवलं. टॉर्च मारून म्हणाला, "खांब मधल्या उभ्या पत्र्याच्या डोक्यावर पाहिजे होता, बाई. हा कडेवर हाय. कड वाकवतोय नि गर्डरला मुरगळतोय. कुणी सरकवला?"

मी म्हटलं, वेल्डरने.

"टाकी रिकामी करा, वर कुणी राहू नका, आणि ज्याने नकाशा काढला त्याला बोलवा."

म्हणजे तुला.

तू भेटेनास म्हणून मांडव्याला गेले, अंबाजीकडे. वीस वर्षं तुझ्याकडे वेल्डिंग केलेला माणूस, आता एका बंगल्याचं फाटक उघडतो. अंगावर निळा शर्ट, शिट्टी लटकवलेली.

"ये केसरताय. उघडू, का मालकांना विचारून येऊ?"

"टोमणे मारू नको. येऊन त्या कडेखाली आधाराच्या पट्ट्या मार."

"माझ्या हातचं काम आता कोण खरं मानतो? शिवदासदादा चारचौघांत बोलले ना, दारू पिऊन मोजतो म्हणून. दादा समोर उभे राहिले तर मारीन. न्हायतर न्हाय."

"मग तेव्हा तोंड का न्हाय उघडलंस?"

"तू उघडशील म्हणून थांबलो व्हतो."

तेवढ्यात गाडी आली, फाटक उघडायला गेला.

आता लिहिते. खांब अंबाजीने सरकवला, पण मी सांगितलं म्हणून. लग्नाच्या आदल्या आठवड्यात रुचिकाच्या माहेरचं लोखंडी कपाट आलं. भिंत आणि खांब यांच्यामध्ये ते चार बोटांसाठी बसेना. टेम्पो दारात, तिचा मामा टेम्पोत बसून बघतोय. सुनेच्या कपाटाला जागा न्हाय म्हणून गावभर झालं असतं. खांब तेव्हा नुसता वेल्डिंगचे कच्चे टाके मारून उभा होता. मी म्हटलं, सरकव. अंबाजी म्हणाला, "दादांना फोन लावतो." मी म्हटलं, घर माझं का दादांचं? मग म्हणाला, "निदान दोन तास दे, कडेखाली पट्ट्या मारतो." दोन तास न्हाय दिले. लग्न झाल्यावर मार म्हटलं. लग्न झालं, रंग झाला, मी त्याला बोलावलंच न्हाय. वर माझ्या गळ्याची शपथ घातली, दादांना सांगू नको म्हणून.

आणि गणपतीत दार घासायला लागलं तेव्हा सगळ्या पाहुण्यांत तुला म्हटलं, बहिणीच्या घरात हलकं लोखंड घातलंस. तू वर जाऊन बघितलंस, खाली येऊन अंबाजीला तिथल्या तिथे काढून टाकलंस. तो माझ्याकडे बघत होता. मी मोदकांचं ताट उचलून आत गेले.

का केलं म्हणून विचारशील. कपाट चढवायची घाई होती. दुसरं कारण शोधते तर सापडत न्हाय.

टाकी रिकामी केली. कपाट खाली आणलं, अंगणात ताडपत्रीखाली पडलंय. गर्डरखाली दोन टेकू दिलेत, ते किती धरतील मला काय कळतंय? विनेश खाली झोपतो. त्याला अजून खरं सांगितलं न्हाय. तो तुला शिव्या देतो आणि मी भाकऱ्या थापत ऐकून घेते. रुचिकाला अजून थांब म्हटलं तर का म्हणून विचारेल. तिलाही तुझंच नाव सांगू? आता जीभ वळत न्हाय.

माझं तोंड बघू नको, गर्डर बघ. पण अंबाजीला घेऊन ये. त्याच्यासमोर, विनेशसमोर, शेजारपाजाऱ्यांना बोलावून मी सांगेन. तू न आलास तर अंबाजीचं मी तरीही सांगणार हाय, तुझ्या वर्कशॉपवर येऊन, तुझ्या माणसांत. तेव्हा मागच्या अंगाने जाऊ नको. पण ते सांगून गर्डर सरळ व्हायचा न्हाय. त्याला तुम्ही दोघं लागता.

पोष्टाचा भरवसा न्हाय, म्हणून हा कागद पूनमच्या हातात देते. शुक्रवारी दुपारपर्यंत येतोस का न्हाय ते कळव. 'बघतो' म्हणू नको. हो किंवा न्हाय. शुक्रवारी दुपारपर्यंत.

केसर