उलटी जोडलेली वायर

प्रिय कुंदन,

सहा वर्षांनी माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन केला असता, पण अवघड काही बोलायची वेळ आली की मी फोनवर विषय बदलतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. म्हणून लिहायला बसलोय. घोटीतलं तुझं दुकान बरं चाललंय, असं टेम्पोवाल्या अमोलकडून कळलं.

द्वारका चौकातलं आपलं गॅरेज चालू आहे. काम कमी झालंय, एवढंच. पूर्वी शटर वर करायच्या आत दोन-तीन गाड्या दारात असायच्या, आता दहा वाजेपर्यंत मी पेपर वाचतो. सिग्नलला जरा थांबलं की कारण दिसतं. शाळेच्या बाई, दवाखान्यातल्या नर्स, डबे पोचवणारे, साठी ओलांडलेले काका, सगळे बॅटरीच्या गाडीवर. घरी चार्जिंगला लावायची, सकाळी काढून निघायचं. ऑइल नको, प्लग साफ करणं नको, म्हणजे माझ्याकडे येणंही नको. आमच्या आरोहीनंही घेतली. अंबडला नोकरीला जाते त्यावर. पहिले आठ दिवस ती शेजारच्या बिल्डिंगमध्ये लावत होती, मला दिसू नये म्हणून. मला कळलंच. पोरगी बापाच्या धंद्याला भिऊन गाडी लपवते, यावर बोलणार काय?

माझ्याकडे कामाला होतास तेव्हा तू हेच सांगत होतास. बॅटरीच्या गाड्यांचं काम शिकून घेऊ, दोघं मिळून करू, असं म्हणत होतास. आणि मी भर गिऱ्हाइकांसमोर म्हणालो होतो, खेळणी दुरुस्त करायची असतील तर जत्रेत जाऊन बस. तू हात पुसलेस, पान्यांची पिशवी उचललीस आणि गेलास. मला वाटलं संध्याकाळी येशील.

असो. आता गेल्या महिन्यातलं सांगतो. मखमलाबादच्या नवसाबाई तुला आठवत नसतील. त्यांच्या मालकांची जुनी मोटारसायकल आपल्याकडे यायची. मालक गेले. बाई आणि सून मनीषा, दोघी मिळून मेथी, कोथिंबीर, झेंडू लावतात आणि बाई पंचवटीत विकायला बसतात. आधी रिक्षाची वाट बघण्यात सकाळ जायची आणि माल सुकायचा. दोन वर्षांपूर्वी मनीषानं लायसन्स लागत नाही अशी लहान बॅटरीची स्कूटर घरात आणली आणि सासूला शेताच्या रस्त्यावर चालवायला शिकवली. पंचावन्नाव्या वर्षी बाई पुढे जुड्या, मागे फुलांची क्रेट लावून गावातून यायला लागल्या. आता ती गाडी मधेच बंद पडत होती. विकणाऱ्यानं दुकान बंद केलेलं, म्हणून ओळखीनं माझ्याकडे आणली. मला यातलं येत नाही, एवढं वाक्य मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ठेवून जा.

गाडी उघडली. एका जोडणीत ओल धरली होती, ती पुसली. बॅटरी परत लावताना लाल आणि काळी वायर उलटी जोडली. चट्‌ असा आवाज आला आणि जळका वास सुटला. मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर जळाला, हे मलाही कळलं. दुपारी बाई आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, गाडी पाइपनं धुतली असणार, आत पाणी गेलंय. किती सहज बोललो मी ते, कुंदन. बाई म्हणाल्या, "सूनच धुते दर सोमवारी. म्या किती येळा सांगितलं तिला." आणि रिक्षानं निघून गेल्या.

चार दिवसांनी मनीषा आली. उभ्या उभ्याच बोलली. "मी ओल्या फडक्यानं पुसते, पाणी कधीच टाकत नाही. आई माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं तर उठून स्वतःचं वाढून घेतात. तुम्ही त्यांना एवढं सांगाल का?" मी म्हणालो, बघतो. ती गेल्यावर मी एका कार्ब्युरेटरला हात घातला आणि अर्धा तास तोच साफ करत बसलो.

पुढचे दोन आठवडे पंचवटीतून जाताना बाई दिसायच्या. उशिरा पोचलेल्या, अर्ध्या रिकाम्या गोणपाटावर बसलेल्या. परवाच्या रविवारी मी मखमलाबादला गेलो. बाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी सांगितलं, पाणी गेलं नव्हतं, वायर मी उलटी जोडली, आणि तुमच्याशी खोटं बोललो. त्यांनी मेथी खाली ठेवली. मला बसा म्हणाल्या नाहीत. घरात बघून हाक मारली, "मनीषा, भाईर ये." ती आली तशी मला म्हणाल्या, "आता हिच्यासमोर सांगा." मी परत सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त वेळ लागला. बाईंनी मनीषाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लय चुकलं माझं." मग माझ्याकडे वळून, "गाडी नीट करून द्या. दुसरं काय बोलू तुमाला."

परत येताना जाणवलं, बाईंनी चूक कबूल करायला मिनिटही घेतलं नाही. मला सहा वर्षं लागली. कुंदन, त्या दिवशी मी चुकलो होतो. तुझं म्हणणं मला पटलं होतं, पण नवीन काही शिकायची भीती वाटत होती, आणि ती झाकायला मी तुला हसलो. गुरुवारी टेम्पोत ती स्कूटर घालून घोटीला येतोय. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, गाडी तेवढी बघ. आणि जमलं तर तू काम करताना मला बाजूला उभं राहू दे, मी वायरी धरीन. काल मनीषानं फोनवर विचारलं, या वेळी तरी नीट होईल ना? मी सांगितलं, या वेळी मी नाही, ज्याला येतं तो करणार आहे.

तुझाच,
सोमनाथ