शून्यावरचं कुंकू

मंगळवार, १० नोव्हेंबर १९८१
चिंचवड

संपलं. दोन वर्षांचं काम आज मोठ्या साहेबांसमोर मातीत गेलं.

मी बनवलेल्या कंट्रोलरवर चालणारं ड्रिलिंगचं फिरतं टेबल तीनशे पन्नास अंशांवर होतं. साहेब म्हणाले, "आता दहावर आणा." म्हणजे पुढे फक्त वीस अंश. पण ते उलटं फिरलं, अख्खी प्रदक्षिणा घालायला निघालं, आणि केबल गुंडाळली जाऊन तुटली.

साहेब शांतपणे म्हणाले, "देशपांडे, राहू द्या. कंट्रोलर बाहेरूनच मागवू." ओरडले असते तर बरं झालं असतं.

चाल किती मऊ होती त्याची! उरलेल्या अंतराचा थोडा थोडा हिस्सा कापत अलगद थांबायचं. त्या मऊपणावरच मी भाळलो. अंतर मात्र सरळ वजाबाकीनं काढलं. दहातून तीनशे पन्नास गेले, वजा तीनशे चाळीस. त्यात तीनशे साठ मिळवले की वीस. एवढंच करायचं राहिलं. शाळकरी गणित!

आधी कसं दिसलं नाही? दर खंडेनवमीला ऑपरेटर गायकवाड टेबलाच्या शून्यावर कुंकू लावतात. प्रत्येक चाचणी मी त्या कुंकवापासूनच सुरू केली, शुभ म्हणून. शून्य ओलांडून पुढे कधी गेलोच नाही.

सुटीच्या वेळी गायकवाड जवळ आले. "माझंच चुकलं साहेब. आज नारळ फोडाया पायजे हुता."

चूक माझ्या गणिताची होती, हे त्यांना सांगितलं नाही मी. का?

निघताना पाहिलं, ते टेबलावर ताडपत्री टाकत होते. आधी कुंकवावर स्वच्छ फडकं ठेवलं, पुसलं जाऊ नये म्हणून.