गाडी विकायची नाही

६ मे, सोमवार
वरच्या मजल्यावरचे मीणाजी पुन्हा आले होते. गाडीचं काय ठरलं म्हणून. त्यांच्या ओळखीचा कोणी भंगारवाला आहे, तो दारातून उचलून नेईल म्हणे. हे म्हणाले, "न्या. चालवणारा नाही तर ठेवायची कशाला?"
मी चहा घेऊन आत आले होते. तोंडातून निघून गेलं, "चालवणारी आहे."
दोघंही माझ्याकडे बघत राहिले. लायसन्स आहे माझ्याकडे, डिसेंबरात काढलंय. पण शिकवणारा शेजारी बसल्याशिवाय मी कधी स्टेशनच्या पुढे गेलेली नाही. तरी बोलले. मीणाजींनी चहा अर्धाच घेतला.


७ मे
सकाळी खाली जाऊन गाडी नीट बघितली. फेब्रुवारीपासून जागेवर उभी आहे. फेब्रुवारीतच ह्यांचं मेडिकल झालं, काचबिंदू निघाला आणि कागदावर 'अनफिट' आलं. आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस. आता रेल्वेच्याच डी.आर.एम. ऑफिसात टेबलाची नोकरी मिळाली आहे, ऑर्डर कपाटात पडून आहे, हे रजा वाढवत चाललेत. बाल्कनीत बसतात. खाली उतरत नाहीत.
गाडीची अवस्थाही तशीच. धूळ. पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत, मागच्यांच्या बाजूला भेगा, उन्हाने. चावी फिरवली तर नुसतं टिक टिक.

संध्याकाळी तनूचा फोन, अजमेरहून. महिनाअखेर हॉस्टेल रिकामं करायचंय. "गादी, कूलर, मतलब सगळंच आणायचंय. पप्पांना सांग ना टॅक्सी बघायला."
म्हटलं, टॅक्सी नको. आपली गाडी येईल.
"कोण चालवणार?"
मी.
पलीकडे कूलर बंद केल्याचा आवाज. मग, "आई, तू ठीक आहेस ना?"

११ मे, शनि.
बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं काहीतरी साचलं होतं, दह्यासारखं. व्हिडिओ बघितले दोन. वायर सुट्या करून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासलं. फसफसलं मस्त. पुसून, कोरडं करून, घट्ट बसवलं.
चावी फिरवली. एकदा खोकली आणि सुरू!
मी गाडीत एकटीच ओरडले. वर बघितलं, बाल्कनीत हे वर्तमानपत्र धरून बसलेले. पान उलटलं नाही त्यांनी, एवढं दिसलं.

१४ मे
टायर. आज अक्षरशः भांडून आले.
पहिल्या दुकानात शेठ माझ्याशी बोलायलाच तयार नाही. "भाईसाब को भेज दो मैडम, उनसे बात कर लेंगे." निघाले तिथून.
दुसऱ्या दुकानात बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाला, थोडा चौडा टायर लगवा लो, गाडी का लुक बदल जाएगा. मी म्हटलं, लुक नको, ड्रायव्हरच्या दाराच्या पट्टीवर जो साइज छापलाय तोच दाखवा. रुंद टायर वळताना आत घासतो आणि पेट्रोलही खातो. मग त्याने आतून चार काढले, चकचकीत, काळेभोर. मी खाली बसले, साडी सावरत, आणि कडेवरचा तो लांबट शिक्का शोधला. शेवटचे चार आकडे, आधी आठवडा मग वर्ष. टायर पाच वर्षांपूर्वीचा! न वापरलेला, पण पाच उन्हाळे गोदामात शिजलेला.
"भैया, ये तो मेरी बेटी के साथ दसवीं में था."
तो हसला. खरंच हसला, मान खाली घालून. मग शेजारच्या दुकानातून ताजे मागवले. ह्याच वर्षाचे. एकेकाचा शिक्का बघितला मी, चारही. पुढे दोनच टाकू का असंही मनात आलं होतं, पण मागच्या भेगा आठवल्या. हायवेला जायचंय. चारही घेतले. जुन्यातला त्यातल्या त्यात बरा निवडून स्टेपनीला ठेवला. अलाइनमेंट, बॅलन्सिंग सगळं करून घेतलं.
बनी पार्कातल्या त्या दुकानातून येताना स्टिअरिंग इतकं हलकं की हात कुणीतरी धरलाय असं वाटत होतं.

ह्यांना सांगितलं. "हं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "रिमोल्ड, जुन्यावर रबर चढवलेले, नाही ना टेकवलेत?"
म्हटलं, जाऊन बघा खाली.
गेले नाहीत.

१८ मे
ब्रेकलाइटचा एक बल्ब, वायपरची रबरं, दोन्ही माझ्या हाताने बदलली. बोटाला खरचटलं. कोणाला दाखवलं नाही.
पण पुढून आवाज यायला लागलाय. खर्रर्र, पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने चाकाकडे न बघताच सांगितलं, ब्रेकचा सगळा सेट गेला, गाडी सोडून जा.
रडायला आलं एकदम. आठवड्यावर आलंय अजमेर.

१९ मे, रवि.
काय दिवस!
सकाळी कॉलनीतच गोल फिरवत होते गाडी, आवाज कुठून येतो ते कळावं म्हणून. तिसऱ्या फेरीला वरून हाक, "सुषमा! थांब!"
हे. बाल्कनीच्या कठड्यावर ओणवे.
"परत जा. हळू. ब्रेक मारू नको."
गेले.
"आता मार."
मारला.
"ब्रेक लावल्यावर आवाज बदलत नाही. ब्रेक नाहीये तो."
आणि खाली आले. बनियन, लेंगा, स्लिपर. इतक्या महिन्यांनी जिना उतरले आणि खाली उभ्या मीणाजींच्या समोरून तसेच गेले. जॅक मी लावला, नट मी सैल केले (पाय देऊन उभी राहिले पान्यावर, त्याशिवाय हलेनात). चाक निघाल्यावर ह्यांनी कान लावून हाताने डिस्क फिरवली. डोळ्यांनी शोधलंच नाही. "इथे. स्क्रू-ड्रायव्हर दे."
डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या फटीत खडा. हरभऱ्याएवढा! टक करून खाली पडला.
चाक बसवलं, फिरवून आणली. आवाज नाही. काही म्हणजे काही नाही.
गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन ते नवीन टायरवर अंगठा दाबत होते, मी बघत नाही असं समजून.

२३ मे
बुद्धपौर्णिमा. विहारात खीर घेऊन गेले, गाडीने, एकटी. डबा मागच्या सीटवर बेल्ट लावून ठेवला होता. थेंब सांडला नाही. आमच्या भुसावळकडच्या, नवऱ्यांच्या बदलीने इथे आलेल्या बायका भेटल्या, गाडीभोवती उभ्या राहिल्या, "सुषमाताई, आम्हाला पण शिकव की." हसले मी, पण दोघी मनापासून विचारत होत्या.
घरी येऊन म्हटलं, रविवारी चलता ना अजमेरला? "मी कशाला? तू आण तिला." दार लावून घेतलं.

२६ मे, रवि.
हात दुखतायत, पण आज लिहायचंच.
उजाडायच्या आत निघायचं होतं, ऊन टाळायला. टायर थंड असतानाच हवा बघून घेतली. वळले तर हे उभे. आंघोळ झालेली, पाण्याचा कॅन हातात. कॅन मागे ठेवला आणि डाव्या दाराशी घुटमळले.
"ह्या बाजूला कधी बसलो नाही मी," म्हणाले. आणि बसले.
अजमेर रोडला पहिल्याच सिग्नलला हळू आवाजात, "लाल."
मी म्हटलं, काय?
"इंजिनात असंच करतात. असिस्टंट सिग्नल सांगतो, चालवणारा परत म्हणतो. म्हण."
"लाल."
"हिरवा."
"हिरवा," म्हटलं आणि क्लच सोडला. 
मग सगळंच सांगत सुटले. स्पीडब्रेकर. गाय, डावीकडे. ट्रक, इंडिकेटर नाही. बगरू गेलं तोवर मला सवय झाली, मी प्रत्येकाला उत्तर देत होते. बाजूचं त्यांना फारसं दिसत नाही आता, समोरचं लख्ख दिसतं.
किशनगढच्या अलीकडे, पुढच्या मार्बलच्या ट्रकचा टायर फुटला. धाड! रबराचे हे एवढे पट्टे रस्त्यावर उडाले. हे ओरडले नाहीत, नुसतं "अंतर" म्हणाले. ब्रेक दाबला. गाडी एका रेषेत, इंचभर इकडे तिकडे न होता, थांबली. जुन्या टायरांवर काय झालं असतं, तो विचार मी नंतर चहा पिताना केला. तेव्हा नाही.
ट्रकवाला ठीक होता. पागोटं सोडून घाम पुसत उभा होता.

हॉस्टेलच्या फाटकात तनू. गाडी बघून तोंड उघडंच. "आई! मतलब पूर्ण तूच चालवलीस? आणि पप्पा, तुम्ही ओरडला नाहीत?"
"असिस्टंट ओरडत नसतो," हे म्हणाले.
येताना ती गादी आणि कूलरच्या मध्ये झोपली. आम्ही दोघं पूर्ण रस्ता बोलत आलो. लाल, हिरवा, गाय.

२९ मे
मीणाजी आले. मला वाटलं पुन्हा भंगारवाला. तर म्हणतात, "भाभीजी, फुरसत हो तो मेरी गाड़ी के टायर भी देख लेना ज़रा."
बघितले. एक असा निघाला की कडा घासून शिक्काच पुसलाय. बदला म्हणून सांगितलं. उद्या त्यांच्याबरोबर त्याच पहिल्या दुकानात जातेय. आता शेठ कोणाला पाठवायला सांगतो बघू.

३ जून, सोम.
ह्यांनी सकाळी स्वतः शर्टाला इस्त्री केली. मी काही विचारलं नाही. "ऑफिसपर्यंत सोड. बघतो," एवढंच. कपाटातून ऑर्डर काढून खिशात घातलेली दिसली. डबा नको, जमलं नाही तर जेवायला घरी येतोच, म्हणाले.
रस्ताभर सिग्नल सांगितले. फाटकाशी उतरले. मागे बस हॉर्न मारत होती, "तू थांबू नको," म्हणाले. आरशात दिसत होते, फाटकाच्या बाहेरच, खिशावर हात ठेवून. मग वळण आलं.
आत गेले का?
दुपारची जेवायची वेळ टळून गेली. तनूने दोनदा विचारलं, पप्पांना फोन करू? नको म्हटलं. त्यांचं ताट झाकून ठेवलंय. मी बाल्कनीत बसलेय, त्यांच्याच खुर्चीत, आणि रस्त्याने येणारा प्रत्येक माणूस बघतेय. अजून तरी त्यात हे नाहीत.