वाघदेवाचा नवा खांब

नाशिक,
रविवार, ४ मे २०२५

प्रिय धनराजदादा,

तुला आणि संध्यावहिनीला नमस्कार. आई-बाबांना माझा नमस्कार सांग. वहिनीला आता उलट्यांचा त्रास कमी झाला असेल. ती ओझं उचलत नाही ना? तिचं ऐकू नकोस, हंडे तूच आण.

भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले का? द्राक्षाच्या बागेवरून तू परत आलास हे राजूने सांगितलं. ही चिठ्ठी त्याच्याच जीपने पाठवतेय. फोन का केला नाही म्हणशील. तू फोन स्पीकरवर लावतोस आणि सगळा पाडा भोवती जमतो. "सवी, येताना केळं आण", "सवी, साहेब झालीस का?" मग मला फक्त हसता येतं. ही चिठ्ठी एकट्याने वाच. बाबांसमोर वाचू नकोस.

इथे माझं बरं चाललंय. खोली बदलली नाही. ऑफिसात संजना आहे, माझ्या शेजारच्या टेबलावरची, ती डब्यातलं लोणचं देते. सध्या मी माळावरच्या संशोधन केंद्राच्या पाहुण्यांसाठीच्या घरांच्या संडासांचं आणि नळांचं काम करते. आधी पूर्ण माळाचं पाणी माझ्याकडे होतं, म्हणजे पिण्याचं, वापरलेलं आणि पावसाचं. आता नाही.

तू घराचा नकाशा मागितला होतास. तीनदा मागितलास. आंब्याजवळ चुना टाकून आखणीसुद्धा केलीस म्हणे. दादा, नकाशावर येते. आधी दुसरं सांगते.

तुला ती ग्रामसभा आठवते? मी शाळेच्या ओट्यावर उभी राहून सांगितलं होतं की वरच्या माळावर असं यंत्र बसणार आहे, ज्याला पृथ्वीच्या पोटातली बारीक थरथर ऐकू येईल, आणि जगातले शास्त्रज्ञ आपल्या माळावर येतील. विमलाबाई म्हणाली, "आमचं तर कोणी ऐकत नाय, पृथ्वीचं ऐकाया निघालेत." सगळे हसले, मीही हसले. मग बाबा उठले आणि म्हणाले, "नकाशा माझ्या पोरीनं काढलाय. ती आपलं वाईट करल का?" आणि हात वर झाले. किती हात होते ते मी मोजले नाहीत. मला सगळेच वर दिसले.

मी तेव्हा खोटं बोलत नव्हते. माझा त्या यंत्रावर विश्वास होता. अजूनही आहे, आणि हेच मला सहन होत नाही.

फाल्गुनात मी तुला एक काम सांगितलं होतं. वाघदेवाचा जुना खांब, जो नवा उभा केल्यावर आपण शिवेवरच्या सादड्याच्या झाडाखाली आडवा ठेवला, तो मातीत गाडलेला भाग सोडून दोरीने मोजून दे. नवाही मोज, आणि दोन्ही दोऱ्या पाठव. तू विचारलंस, "कशाला?" मी म्हणाले, "असंच." तू हसलास आणि दोन दोऱ्या गाठ मारून राजूबरोबर पाठवल्यास.

ते असंच नव्हतं.

माळाच्या नकाशात आपल्या पाड्याची बाजू उंच आणि पश्चिमेची दरीची बाजू खाली दाखवली होती. मी त्यावरूनच नाल्या आखल्या, सगळं पाणी पश्चिमेला दरीत सोडलं. पण एक दिवस मला आठवलं की लहानपणी आपण खेकडे धरायला जायचो तो ओहोळ पूर्वेला, आपल्या बाजूला होता. पाणी वरून आपल्याकडे यायचं. मग कागदावर आपली बाजू उंच कशी?

मोजणी करणाऱ्यांना एक पक्की खूण लागते, जिची उंची बदलत नाही. तिच्यावरून बाकीच्या जमिनीची उंची काढतात. सरकारी खूण लांब रस्त्यावर होती, म्हणून त्यांनी माळाच्या कडेच्या वाघदेवाच्या खांबाचा माथा धरला. देव आहे म्हणून त्याच्यावर रंगाची रेघसुद्धा ओढली नाही, नुसतं टिपलं, "शेंदूर लावलेला खांब". पश्चिमेची मोजणी दिवाळीआधी झाली. मधे वाघबारस आली. आपण नवा खांब उभा केला, त्याच जागी, तसाच चंद्र, तसाच सूर्य, तसाच वाघ. दिवाळीनंतर दुसरे लोक आले, त्यांनी तोच खांब समजून पूर्वेची बाजू मोजली.

पण नवा खांब आखूड होता. वनखात्याने मोठा साग तोडू दिला नव्हता, तुला माहीत आहे. बाबांनी मिळालं त्या लाकडात देव कोरला आणि उभा करताना म्हणाले, "देवा, औंदा बारका हायेस, रागवू नको." तुझ्या दोन दोऱ्यांत हातभराचा फरक निघाला. माथा खाली आला, पण त्यांनी उंची जुनीच धरली, म्हणून तेवढीच आपली बाजू कागदावर उंच झाली होती.

मी दोऱ्या घेऊन आमच्या ऑफिसचे प्रमुख सुनील सर, त्यांच्या केबिनमध्ये गेले. ते आधी हसले. "हे मी दिल्लीच्या मीटिंगमध्ये सांगू? वाघाची उंची कमी झाली म्हणून?" पण माणूस हुशार आहे. तपासायला लावलं आणि मी खरी ठरले. त्याच आठवड्यात पुन्हा मोजणी झाली. यंत्राच्या इमारतीची फरशी नव्याने आखली. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पाणी यंत्राच्या तळघरात शिरलं असतं. सरांनी सगळ्यांसमोर पेढे वाटले. "आमच्या सविताने कोट्यवधींचं यंत्र वाचवलं." मला इतका आनंद झाला होता दादा, की मी आईला फोन केला. फोनवर तू होतास. "आई कुठाय?" एवढंच मी विचारलं.

दुपारी लिहायचं सोडलं होतं. पुढचं आता लिहिते.

यंत्र वाचल्यावर पावसाच्या पाण्याचा प्रश्न उरला. पश्चिमेला उतार नाही हे माझ्यामुळेच सिद्ध झालं. तिकडे पाणी न्यायचं तर खडक खोल फोडायला हवा. सरांनी नकाशा फिरवला आणि म्हणाले, "मग नाल्यांचं तोंड पूर्वेला करा. पाणी आपोआप जाईल." मी म्हणाले, "सर, खाली वस्ती आहे." ते म्हणाले, "ती आपल्या हद्दीबाहेर आहे ना?" मी म्हणाले, "ती माझी वस्ती आहे." त्यांनी नकाशा मिटला. मग हळू आवाजात म्हणाले, "सविता, म्हणूनच हे काम तुझ्याकडे नको."

ते नकाशे संजनाने पुरे केले, माझ्याच फाईलमध्ये. "माझ्यावर रागावू नकोस गं, मलाही घर चालवायचंय," म्हणाली. मी रागावले नाही. कोपऱ्यातल्या चौकटीत काढणाऱ्याच्या जागी अजून माझं नाव आहे. मी ते खोडायला सांगितलं, तर म्हणाले, "राहू दे, मूळ काम तुझंच आहे."

मी वर लिहिलं, त्याच्याही वर लिहिलं. जिल्ह्याच्या एका साहेबांना जाऊन भेटले. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही त्याच प्रकल्पातल्या ना? मग तक्रार कोणाविरुद्ध, स्वतःविरुद्ध?" मी चहा पिऊन परत आले.

माळावर आज गवत आहे, ते पाऊस पिऊन घेतं. या पावसाआधीच ते खरवडून जमीन दाबतील, नाल्या खोदतील, पुढे छपरं आणि रस्ते येतील. त्यातलं काही पाणी पीत नाही. आपल्याकडचा पाऊस तुला मी काय सांगू? सगळा एका तोंडातून ओहोळात उतरेल. मी हिशेब पुन्हा पुन्हा केला, चूक निघेल म्हणून. निघाली नाही. मोठ्या पावसात ओहोळ आंब्यापाशी वळणार नाही. सरळ येईल.

म्हणून नकाशा पाठवत नाही. तिथे घर बांधू नकोस दादा. चुना पुसून टाक. वहिनीला यंदा पावसात तिच्या माहेरी ठेव. भागीबाईला, विमलाबाईला, खालच्या सगळ्यांना सांग की पाऊस लागून राहिला की रात्रीची वाट बघू नका, शाळेकडे चढा. ते विचारतील, "सवी कुठं हाय? तिनं तर सांगितलं व्हतं." त्यांना काय सांगायचं ते मी तुझ्यावर सोडते. मी गप्प बसले असते, तर पाणी यंत्रात गेलं असतं आणि पाडा वाचला असता. खरं सांगितलं म्हणून यंत्र वाचलं. शाळेपासून शिकत आले की मोजमाप खरं असलं की सगळं नीट होतं. त्याच्या पुढचं मला कोणी शिकवलं नाही, दादा.

मी नोकरी सोडावी का, हे विचारत नाही. सोडली तरी पाणी तिकडेच येणार.

एकच मागते. बाबांना नाल्यांचं सांग, माझं सांग, त्यांना मला शिव्या देऊ दे. पण खांबाचं सांगू नकोस. त्या दोऱ्यांचं सांगू नकोस. त्यांना वाटेल, देव बारका कोरला म्हणून तो रागावला, आणि मरेपर्यंत ते त्या सागाच्या तुकड्यापुढे माफी मागत राहतील. बाबांच्या हातून काही चुकलेलं नाही. तो देव शिवेवर उभा आहे, जेवढं लाकूड मिळालं तेवढा.

पहिल्या पावसाआधी मी येते. केळं आणीन. पाड्यात येऊ द्यायचं की राजूला शिवेवरूनच जीप वळवायला सांगायची, ते तू ठरव. तू सांगशील तिथे उतरेन.

जिच्या शब्दावर पाड्याने हात वर केले,
ती तुझी सवी